गोव्याच्या दमट हवेत घरची बटण बिस्किटे

बटण बिस्किटांना लागणारे साहित्य फार थोडे आहे. अंडी, साखर, मैदा, चिमूटभर मीठ आणि वासापुरता व्हॅनिला इसेन्स एवढ्यावर ती होतात. त्यांत लोणी पडत नाही, तूप पडत नाही, दूधही पडत नाही. वरून फुगीर, तळाला सपाट, कडेला किंचित तांबूस आणि दाताखाली येताच कुडकन मोडणारी ही बिस्किटे जुन्या बेकऱ्यांतल्या काचेच्या बरण्यांमुळे आपल्या परिचयाची आहेत, आणि घरच्या ओव्हनमध्येही ती तितकीच चांगली होतात. तरीही घरी करून पाहणाऱ्या अनेकांची तक्रार एकच असते: ओव्हनमधून काढताना छान दिसणारी बटणे संध्याकाळपर्यंत मऊ पडतात आणि दुसऱ्या दिवशी चिवट होतात. या तक्रारीवर कोणी बेकिंग पावडर वाढवतो, कोणी साखर वाढवतो, कोणी आच वाढवतो, आणि त्यांपैकी एकही उपाय लागू पडत नाही, कारण दोष साहित्यात नसतोच. बटणे भाजली गेलेली असतात, पण वाळलेली नसतात. भाजणे आणि वाळवणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांना वेगवेगळी उष्णता लागते, आणि गोव्यासारख्या समुद्रकाठच्या दमट मुलखात दुसरे काम पहिल्याहून महत्त्वाचे ठरते. पुढे दिलेली पद्धत याच गोष्टीभोवती बेतलेली आहे.

वजन आणि पाण्याचा हिशेब

सर्व प्रमाण अंड्यांवरून ठरवावे. फार्मचे मध्यम आकाराचे अंडे फोडल्यावर साधारण 45 ते 50 ग्रॅम भरते, गावठी अंडे त्याहून बरेच लहान असते, आणि म्हणूनच ‘दोन अंडी, एक कप साखर, एक कप मैदा’ अशा मापाने केलेले पीठ कधी सैल होते, तर कधी घट्ट. त्यापेक्षा साध्या डिजिटल वजनकाट्यावर भांडे ठेवून त्यात अंडी फोडावीत, जितके वजन भरेल तितकीच साखर घ्यावी आणि त्याच्या सव्वापट मैदा घ्यावा. अंडी 100 ग्रॅम भरली तर साखर 100 ग्रॅम आणि मैदा 125 ग्रॅम. एवढ्या पिठात रुपयाच्या नाण्याएवढी सुमारे ऐंशी बटणे होतात, आणि घरगुती ओटीजीच्या (छोट्या विजेच्या ओव्हनच्या) दोन-तीन ट्रेंत ती मावतात. मीठ चिमूटभर आणि व्हॅनिला अर्धा चमचा पुरे.

साखर घरी मिक्सरमध्ये बारीक दळून चाळून घ्यावी. विकतच्या पिठीसाखरेत ती गोळा होऊ नये म्हणून कधी कधी कॉर्नफ्लोअर मिसळलेले असते. त्याने पदार्थ बिघडत नाही, पण साखरेचे खरे वजन कमी भरते. मैदा साधा, ताजा आणि कोरडा असावा. पावसाळ्यात उघड्या डब्यात राहिलेला मैदा हवेतले पाणी शोषून घेतो आणि त्याच्या गुठळ्या होतात, तेव्हा तो दोनदा चाळावा.

आता पाण्याचा हिशेब पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणजे 100 ग्रॅम अंड्यांत 75 ग्रॅमच्या आसपास. कोरडा दिसणारा मैदाही पूर्ण कोरडा नसतो. त्यात बारा-तेरा टक्के पाणी असते, म्हणजे आपल्या 125 ग्रॅममध्ये आणखी पंधरा ग्रॅम. अशा रीतीने 325 ग्रॅम पिठात सुमारे 90 ग्रॅम पाणी असते, आणि कुरकुरीत बिस्किटात त्यातले जेमतेम आठ-दहा ग्रॅमच राहू द्यायचे असते. याचा अर्थ ट्रेवर जितके पीठ घातले त्याचा चौथा हिस्सा वाफ होऊन जायला हवा. ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण काट्याला दिसते. कागदासह रिकामा ट्रे 400 ग्रॅम भरला आणि बटणे घातल्यावर 520 ग्रॅम झाला, तर पीठ 120 ग्रॅम आहे. सगळे काम संपल्यावर तोच ट्रे 490 ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे. तो 505 वर अडकला असेल, तर बटणांचा रंग कितीही सुरेख असो, ती संध्याकाळी मऊ पडणार हे आताच समजावे. रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा ही कसोटी कितीतरी खात्रीची आहे, आणि पहिल्या काही वेळा तरी ती टाळू नये.

अंडी फेटणे

या बिस्किटात फुगवणारा पदार्थ म्हणजे अंड्यात कोंडलेली हवाच. बेकऱ्यांमध्ये बिस्किटे फुलवण्यासाठी अमोनिया वापरण्याची जुनी पद्धत आहे. पातळ, कोरड्या बिस्किटांतून त्याचा वायू पूर्ण निघून जातो म्हणून तो तिथे चालतो. घरी, दोन अंड्यांच्या पिठासाठी, त्याची गरज नाही. अंडी नीट फेटली की सोडाही लागत नाही आणि बेकिंग पावडरही लागत नाही.

फ्रीजमधली थंड अंडी मात्र लगेच फेटू नयेत. एका टोपात दोन बोटे पाणी गरम करून गॅस बंद करावा, अंडी, साखर आणि मीठ असलेले भांडे त्या टोपावर ठेवावे आणि हाताने ढवळत राहावे. मिश्रणात बोट बुडवले असता कोमट लागले, म्हणजे 40 अंशांच्या आसपास आले, की भांडे उतरवावे. पांढरे 60 अंशांच्या थोडे वर घट्ट होऊ लागते, तेव्हा भांडे उकळत्या पाण्यावर विसरून चालणार नाही. कोमट झाल्याने साखर लवकर विरघळते आणि फेस थंड अंड्यांपेक्षा चटकन आणि जास्त येतो.

मग हातातल्या इलेक्ट्रिक बीटरने आधी मंद आणि नंतर जलद गतीने आठ ते दहा मिनिटे फेटावे. पहिल्या दोन मिनिटांत पिवळा, मोठ्या बुडबुड्यांचा फेस येतो आणि इथेच काम झाले असे वाटू लागते. ते झालेले नसते. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, पिवळेपणा उतरून मिश्रण सायीच्या रंगाचे होते, त्याचे आकारमान तिपटीच्या आसपास जाते आणि बीटरच्या मागे रेघा उमटून राहू लागतात. बीटर उचलून वरून धार सोडावी. ती धार पृष्ठभागावर पडून लगेच नाहीशी होत असेल, तर अजून फेटायचे आहे. पडलेल्या धारेची रेघ पाच आकडे मोजेपर्यंत वर दिसत राहिली, तर थांबावे. थेंबभर मिश्रण दोन बोटांत चोळून पाहावे. साखर कणभरही खरखरीत लागता कामा नये, कारण न विरघळलेला कण ओव्हनमध्ये वितळून बटणाच्या वर तपकिरी ठिपका सोडतो आणि तिथूनच बटणाला तडा जातो. व्हॅनिला शेवटच्या अर्ध्या मिनिटात घालावे.

इलेक्ट्रिक बीटर नसेल तर तारेच्या घुसळणीने वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दोघांनी आळीपाळीने केले तर ते अवघड नाही, पण हाताला रेघ टिकेल इतका दाट फेस येत नसेल, तर मैद्यात पाव चमचा बेकिंग पावडर मिसळून घ्यावी. त्या आधाराची लाज वाटण्याचे कारण नाही.

मैदा मिसळणे आणि बटणे पाडणे

फेसावर मैदा चाळणीतून तीन वेळा विभागून घालावा, आणि दर वेळी सपाट रबरी कलथ्याने मिश्रण मधोमध कापत तळातून वर उचलून उलटावे, भांडे दुसऱ्या हाताने थोडे थोडे फिरवत राहावे. गोल गोल ढवळले की कोंडलेली हवा निघून जाते. मैद्याची शेवटची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की त्याच क्षणी थांबावे. ‘आणखी जरा एकजीव करू’ या मोहात जास्त पिठे बिघडतात. तयार पीठ कलथ्यावरून सावकाश, जाडसर पट्टीने खाली उतरते. थेंब ताटलीवर टाकून पाहिला, तर तो आपला गोल धरून ठेवतो आणि त्याचे शेपूट काही क्षणांत आपोआप खाली बसते. थेंब पसरून चपटा झाला, तर चमचाभर मैदा चाळून घालावा, पण एकदाच. दुसऱ्यांदा मिसळण्याने जेवढे साधेल, त्याहून जास्त हवा जाईल.

ट्रेवर बटर पेपर अंथरावा आणि त्याच्या खालच्या बाजूने पेन्सिलीने रुपयाच्या लहान नाण्याचे गोल काढून ठेवावेत, दोन गोलांमध्ये दोन ते अडीच सेंटिमीटर जागा सोडून. ही तयारी अंडी फेटण्याच्या आधी करायची असते, कारण पीठ तयार झाल्यावर ते वाट पाहत नाही. पाइपिंग बॅगेत आठ ते दहा मिलिमीटरचे साधे गोल नोझल असावे. नोझल नसेल तर जाड, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीचे टोक कापून चालते. मेंदीच्या कोनाने ज्यांचा हात बसला आहे, त्यांना हे काम पहिल्याच ट्रेवर जमते. कोन कागदावर काटकोनात, सेंटिमीटरभर उंच, स्थिर धरावा. दाबावा, गोल भरला की दाब पूर्ण सोडावा आणि मगच टोक बाजूला झटकून घ्यावे. दाब चालू असताना वर उचलले की शेंडी राहते आणि ओव्हनमध्ये सर्वांत आधी तीच करपते. राहिलेल्या शेंड्या ओल्या बोटाने हलकेच बसवाव्यात.

सगळे पीठ एकाच वेळी पाडून टाकावे. ट्रे एकच असेल, तर बाकीची बटणे कापलेल्या कागदांवर पाडून ठेवावीत आणि कागद नंतर ट्रेवर सरकवावेत. कोनात राहिलेले पीठ हाताच्या उबेने आणि दाबाने बसत जाते. कागदावर पाडलेले बटण मात्र थांबू शकते, इतकेच नव्हे तर त्याने थोडे थांबायलाच हवे. पंख्याखाली वीसेक मिनिटे ठेवले की वर एक तलम कोरडी साय धरते, आणि बोट हलकेच टेकवले तर पीठ बोटाला चिकटत नाही. या सायीमुळे बटण ओव्हनमध्ये आडवे न पसरता तळातून उचलले जाते, वरचा भाग गुळगुळीत राहतो आणि खाली एक बारीक कड उमटते. जून-जुलैच्या पावसात ही साय पंख्याखाली धरत नाही. अशा दिवशी वातानुकूलित खोली असेल तर ट्रे तिथे ठेवावा, नसेल तर ओव्हन अगदी मंद, 50 अंशांवर, दार उघडे ठेवून पाच-सात मिनिटे वापरावा. तेवढेही शक्य नसेल तर साय सोडून द्यावी. बटणे थोडी चपटी होतील, चवीत फरक पडणार नाही.

भाजणे

ओव्हन 170 अंशांवर दोन्ही रॉड लावून निदान पंधरा मिनिटे तापवावा. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये 160 अंश पुरतात. घरगुती ओटीजीच्या नॉबवरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेणे या छंदातली सर्वांत उपयोगी खरेदी आहे, असे माझे ठाम मत आहे. महागडे साचे नंतर घेता येतात.

ट्रे मधल्या कप्प्यावर ठेवावा आणि पहिली सहा-सात मिनिटे दार उघडू नये. या काळात कोंडलेली हवा आणि वाफ बटणाला वर उचलत असते आणि अंडे व मैदा त्या आकाराला पक्के करत असतात. दार उघडून उष्णता घालवली, तर बटणे मध्ये खचतात. आठव्या मिनिटाच्या सुमारास कडांवर रंग दिसू लागतो आणि दहा ते बारा मिनिटांत कड फिकट सोनेरी, माथा मात्र सायीच्याच रंगाचा, अशी स्थिती येते. वरचा रॉड जोरदार असलेल्या ओव्हनमध्ये माथे आधी तांबूस होतात. तिथे ट्रे एक कप्पा खाली घ्यावा.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटे हात लावू नये. मग कागदाची एक कड धरून तो खालच्या बाजूला वळवत न्यावा, म्हणजे बटणे आपोआप सुटून येतात. सुरीने खरवडायची वेळ आली, तर तळ कच्चा आहे असे समजून दोन मिनिटे पुन्हा आत ठेवावे.

वाळवणे

बहुतेक कृती इथे संपतात. बटण आता शिजलेले आहे, खाण्याजोगे आहे, त्याला सुवासही आहे. पण त्याचा मध्य अजून केकसारखा मऊ आहे आणि वजनकाटा तेच सांगतो.

गोव्याच्या गावागावांतून पोदेर, म्हणजे पाववाला, ज्या विटांच्या भट्टीत उंडे आणि पोया हे पाव भाजतो, ती भट्टी एकदा तापली की तासन्‌तास हळूहळू निवत जाते. जाड भिंतींतली ही उतरती उष्णता पावासाठी कमी पडू लागली, तरी बिस्किटासारख्या लहान, कोरड्या व्हायच्या पदार्थाला तीच मानवते: रंग चढवण्याइतकी ती प्रखर उरलेली नसते, पण पाणी काढून घेण्याइतकी पुरेशी असते. घरच्या ओव्हनला पातळ पत्र्याच्या भिंती असतात. तो चालू असला की तापलेला असतो आणि बंद केला की काही मिनिटांत निवतो. उतरती उष्णता त्याच्याजवळ नाही. म्हणून ती आपण ओव्हनचा नॉब फिरवून करायची.

सर्व ट्रे भाजून झाले की ओव्हन 110 अंशांवर आणावा आणि दार काही मिनिटे उघडे ठेवून आतली उष्णता खरोखर तेवढी उतरू द्यावी. सगळी बटणे आता एकाच ट्रेवर जवळजवळ मांडता येतात, कारण ती पसरणार नाहीत. एकावर एक दोन थरांपर्यंत हरकत नाही. ट्रे आत सरकवून दाराच्या फटीत लाकडी चमच्याचा दांडा अडकवावा, म्हणजे दार बोटभर उघडे राहील. ही फट महत्त्वाची आहे. बंद दाराआड बटणांतून निघालेली वाफ ओव्हनमध्येच कोंडते आणि बटणे स्वतःच्याच वाफेत बसून राहतात. काही ओटीजींची दारे अर्धवट उघडी राहत नाहीत. तिथे दर सात-आठ मिनिटांनी दार पूर्ण उघडून वाफ घालवावी आणि पुन्हा लावावे. काच आणि दाराची कड या वेळी चांगलीच तापलेली असते, तेव्हा लहान मुलांना दूर ठेवावे. पंचवीस ते पस्तीस मिनिटे लागतात, आणि मध्यावर एकदा बटणे वरखाली करावीत. घाईने 130 अंशांच्या पुढे जाऊ नये. त्याने वाळण्याचा वेळ थोडा वाचतो, पण माथे तपकिरी होतात आणि अंड्याचा गोडसर सुवास जाऊन करपटपणा येतो.

गरम बटण नेहमीच मऊ लागते, कारण त्यातली साखर अजून घट्ट झालेली नसते. म्हणून एक बटण काढून स्टीलच्या ताटलीवर चार-पाच मिनिटे निवू द्यावे आणि मग दोन बोटांच्या चिमटीत धरून मोडावे. पुरते वाळलेले बटण वाकत नाही, एकदम तुटते आणि आवाज करते. तुटलेल्या कडेकडे उजेडात पाहावे: माथ्याच्या तलम कवचाखाली बारीक, एकसारखी भोके, तळाशी थोडी दाट, आणि कडेपासून मध्यापर्यंत रंग एकच, फिकट पिवळा. मध्यभागी मसुराच्या डाळीएवढा जरी गडद, दमट ठिपका दिसला, किंवा तिथे नख रुतले, तरी आणखी दहा मिनिटे हवीत. तो ठिपका आज एवढासा असतो आणि डब्यात घातल्यावर त्यातले पाणी कडेपर्यंत पसरून अख्खे बटण मऊ करते; रात्री कुरकुरीत असलेली बिस्किटे सकाळी बंद डब्यातच नरम का पडली, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

वाळून झाल्यावर ओव्हन बंद करावा आणि बटणे आतच, दाराच्या फटीसह, निवू द्यावीत. पावसाळ्यात मध्येच वीज गेली, तर दार लावून घ्यावे, आहे ती ऊब धरून ठेवावी आणि वीज आल्यावर पुन्हा 110 अंशांपासून सुरू करावे. भाजण्याच्या वेळी वीज गेली तर बटणे बसतात आणि त्याला इलाज नाही, पण वाळवण्याच्या वेळी गेल्याने काहीच बिघडत नाही.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, ते कढईत किंवा कुकरमध्ये मीठ तापवून त्यावर जाळी ठेवून बिस्किटे करतात. नानकटाईला ती युक्ती ठीक आहे. बटणांना नाही, कारण झाकण ठेवल्याशिवाय वरून उष्णता मिळत नाही आणि झाकण ठेवले की वाफ जात नाही.

डबा

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असणे नित्याचे असते, आणि साखरेचे प्रमाण एवढे असलेला कोरडा पदार्थ उघड्यावर राहिला तर हवेतले पाणी ओढून घेणारच. म्हणून बटणे पूर्ण निवली की त्याच वेळी डब्यात जावीत. पूर्ण निवली हे दोन्ही अर्थांनी पाळायचे: कोमट भरली तर झाकणाला आतून दव धरते, आणि निवल्यावर तासभर ताटात राहिली तर वाळवलेले सगळे वाया जाते.

सैल झाकणाचा मोठा स्टीलचा डबा यासाठी चांगला नाही. रबरी कडी असलेल्या काचेच्या बरण्या किंवा घट्ट झाकणाचे लहान डबे घ्यावेत आणि ते काठोकाठ भरावेत. एक मोठा डबा दिवसातून चार वेळा उघडला की चार वेळा दमट हवा आत येते. लहान बरण्या केल्या तर एक वापरात राहते आणि बाकीच्या बंद राहतात. फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंड बटण बाहेर काढताच त्यावर बाष्प धरते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत ती तीन आठवडे सहज राहतात, पावसाळ्यात आठ-दहा दिवस धरून चालावे. मऊ पडली तरी टाकायची नाहीत: 110 अंशांवर, दाराची फट ठेवून, दहा-बारा मिनिटांत ती पूर्ववत होतात.

बदल करताना

गोव्यात माडाचा काळा गूळ घरात असतो आणि तो साखरेऐवजी घालून पाहावासा वाटणे साहजिक आहे. दोदोल या गोड पदार्थाला जो रंग आणि स्वाद गूळ देतो, तो दुसऱ्या कशाने येत नाही, हे खरेच. परंतु गूळ साखरेहून जास्त पाणी ओढतो, अंड्यांचा फेसही त्याने दाट होत नाही, आणि अशी बटणे कितीही वाळवली तरी कुरकुरीत राहत नाहीत. मधाचेही तसेच. ओल्या खोबऱ्याचा मोहही इथे आवरावा. त्यातले पाणी आणि तेल दोन्ही फेसाला मारक आहेत, आणि खोबऱ्याचे बिस्किट हवे असेल तर रवा-खोबऱ्याची बोलिन्यां आपल्याकडे आहेतच. ती मुळातच बाहेरून खमंग आणि आतून मऊसर अशी करायची असतात.

स्वाद बदलायचा असेल तर कोरड्या वस्तूंनी बदलावा. कुळागरातले, म्हणजे सुपारी-मसाल्यांच्या बागेतले, ताजे जायफळ मिळत असेल तर व्हॅनिलाऐवजी पाव चमचा किसून मैद्याबरोबर चाळावे. अंड्याचा वास ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी हा उत्तम उपाय आहे. वेलचीही चालते. लिंबाच्या सालीचा वरवरचा हिरवा किस, पांढरा भाग टाळून, साखरेत चोळून घातला तर बटणांना हलका, ताजा सुवास येतो. विकतच्या बटणांचा गडद पिवळा रंग पुष्कळदा घातलेला असतो, तेव्हा घरची बटणे फिकट झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नये. रंग हवाच असेल तर गावठी अंडी घ्यावीत, त्यांचा बलक गडद असतो. तीन गावठी अंडी साधारण दोन फार्मच्या अंड्यांइतकी भरतात, पण वजन करूनच घ्यावीत.

अंड्याशिवाय ही बिस्किटे कशी करावीत, असे हमखास विचारले जाते. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की ती होत नाहीत. तूप, पिठीसाखर आणि मैदा यांची लहान गोल बिस्किटे करता येतात आणि ती रुचकरही लागतात, पण ती नानकटाईच्या कुळातली, तोंडात विरघळणारी. अंड्याच्या फेसाने येणारा हलका, जाळीदार कुरकुरीतपणा त्यांत येत नाही. शिवराक (शाकाहाराच्या) दिवशी तीच करावीत आणि त्यांना त्यांच्या गुणांनी जोखावे. नाताळात शेजारीपाजारी फराळाची ताटे जातात-येतात, तेव्हा बटणांची बरणी देताना यात अंडी आहेत हे आवर्जून सांगावे, कारण ती दिसायला पूर्ण शिवराक दिसतात आणि सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरी विचार न करता चहाबरोबर खाल्ली जातात.